पाठकोऱ्या पत्रिका

आमच्या घरात पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. आईच्या लग्नात आलेली. तिच्यात शालू नाहीतर चांदीची भांडी असतील असे कोणालाही वाटेल. पण तिच्यात आहेत लग्नपत्रिका. तीनशेच्या वर. आईला लग्नाला जायचे असो वा नसो, पत्रिका मात्र ती हट्टाने मागून घेते. शेजारपाजारचे लोकही आता लग्नसराई संपली की आपल्याकडचा गठ्ठा आणून देतात. पत्रिका जाड कागदाची आणि पाठकोरी असली की आईचा चेहरा असा खुलतो, की आपल्याच घरचे कार्य आहे असे वाटावे.

या पत्रिकांच्या एका बाजूला ‘श्री गजानन प्रसन्न’, वधूवरांची नावे, मामाची नावे आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ अशी चिमुकल्यांची विनंती. उलट्या बाजूला स्केचपेनने काढलेली गाय आणि तिच्याखाली इंग्रजी अक्षरांत ‘काऊ’. आईच्या शाळेतल्या मुलांना त्या पत्रिका दोन्ही बाजूंनी पाठ आहेत. “बाई, काऊ म्हणजे आमच्या आत्याचं लग्न,” असे एका मुलाने तिला सांगितले होते.

आई कन्नड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. शाळा दोनशिक्षकी. गाव डोंगराच्या पायथ्याशी, मका आणि कापूस पिकवणारे आणि दसरा-दिवाळी उलटली की निम्मे रिकामे होणारे. कारण ऊसतोडीला जायचे असते. आम्ही राहतो कन्नडमध्ये. आई रोज चौदा किलोमीटर स्कुटीवर जाते आणि येते.

या पेटीची आठवण निघाली ती एका प्रकल्पामुळे. तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या सरांनी मला विषय दिला : ‘इंग्रजीच्या शिक्षकाची साधने आणि त्याचा व्यावसायिक विकास’. मी जरा हिरमुसले. मैत्रिणीला कीट्स मिळाला होता आणि माझ्या वाट्याला हे! सरांच्या ते लक्षात आले असावे. ते म्हणाले, “कीट्स मुलांपर्यंत पोचतो तो कोणाच्या तरी तोंडूनच ना? त्या तोंडाची काय व्यवस्था आहे तेवढी पाहून ये.”

मी ग्रंथालयात बसले. घरी जिची पेटी पलंगाखाली होती तिला विचारायचे मला सुचलेच नाही. पुस्तकांत मात्र मला अनपेक्षित माणसे भेटली. मला वाटत होते, की इंग्रजी कसे शिकवावे हे लंडनच्या एखाद्या उबदार खोलीत बसून ठरवले गेले असेल. तसे नव्हते. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि त्यांचा सगळा विचार बंगालमधल्या गरीब शाळा पाहून झालेला होता. ए. एस. हॉर्नबी १९२४ साली जपानला इंग्रजी शिकवायला गेले. तिथल्या विद्यार्थ्यांना नेमके कुठे अडते हे पाहता पाहता त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक कोश रचला. तो प्रथम छापला गेला १९४२ साली, टोकिओत, ऐन युद्धात; आणि पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. आज आपल्या ग्रंथालयात जो जाडजूड ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ आहे, त्याचे मूळ त्या जपानी वर्गात आहे. आणि आपले एन. एस. प्रभू! १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्यासुध्या शाळांत त्यांनी व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांपुढे आगगाडीचे वेळापत्रक आणि नकाशे ठेवले. मुलांनी कोडे सोडवावे आणि सोडवता सोडवता भाषा अंगात मुरावी, असा तो बेत होता. बंगळूरचा हा प्रयोग आता जगभर शिकवला जातो.

हे सगळे मी उत्साहाने टिपून घेतले. मग सर म्हणाले, “एखाद्या प्रत्यक्ष शिक्षकाची मुलाखतही हवी.” तेव्हा कुठे मी आईकडे वळले.

“आई, तुझे रिसोर्सेस काय काय आहेत?”

“रिसोर्सेस म्हणजे गं काय?”

“साधनं. शिकवायला काय वापरतेस ते.”

आईने कणकेचे हात धुतले आणि पलंगाखालून पेटी ओढली.

पत्रिकांच्या खाली बरेच काही होते. शीतपेयांच्या बाटल्यांची बुचे, प्रत्येकावर एक अक्षर रंगवलेले. जुन्या पायमोज्याची केलेली बाहुली. तिला बटणांचे डोळे, आणि ती फक्त इंग्रजीतच बोलते असा वर्गात नियम. आइस्क्रीमच्या काड्या. अँड्र्यू राइट यांनी १९८४ साली शिक्षकांसाठी एक पुस्तक काढले होते, फळ्यावर उतरवून घ्यायच्या हजारावर सोप्या चित्रांचे. त्यातल्या काही पानांची झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यावरून आई काड्यांची माणसे काढायला शिकली. पळणारा माणूस, झोपलेला माणूस, छत्री घेतलेला माणूस. आईच्या हाताला चित्रकला म्हणून नाही. तिची गाय आणि तिचा घोडा यांच्यात फक्त शिंगांचा फरक असतो. पण काड्यांचा माणूस ती तीन रेघांत असा पळवते, की मुले फळ्यावर त्याच्या मागे धावू पाहतात.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा हीच पेटी स्कुटीवर पायापाशी ठेवून ती गावातल्या पारावर जात असे. गावात चांगला मोबाईल फार थोड्या घरांत होता. पत्रिकांना रिचार्ज लागत नाही.

पेटीच्या तळाशी गुंडाळलेला एक मोठा कागद होता. कडा फाटलेल्या, कापडाची पट्टी चिकटवून सांधलेला. वर मराठीत लिहिले होते : ‘आपल्याला येणारे इंग्रजी’. खाली शब्दांची रांगच रांग, सगळे देवनागरीत आणि समोर इंग्रजीत. मोटर, पंप, स्टार्टर, फ्यूज, फेज, डीपी, बस, कंडक्टर, तिकीट, स्टँड, डॉक्टर, इंजेक्शन, गोळी... ‘गोळी’वर काट मारून ‘टॅब्लेट’.

“हा काय प्रकार?”

“हा माझा पहिला तास,” आई म्हणाली.

जून २००० पासून राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. तोवर मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला भेटे. या निर्णयावर तेव्हा किती लिहिले-बोलले गेले हे जुनी वर्तमानपत्रे चाळली की कळते : कोणी म्हणाले, गरिबाच्या पोराला दार उघडले, कोणी म्हणाले, मराठीच्या मुळावर घाव घातला. दोन्ही बाजू हिरिरीने बोलत होत्या. मात्र हे शिकवणार कोण, यावर त्या मानाने थोडेच बोलले गेले, असे मला वाटते. ते शिकवणार होती माझी आई. डी.एड. झालेली, नोकरीला चार वर्षे झालेली, स्वतः पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेली, आणि दहावीला इंग्रजीत एकेचाळीस गुण मिळाले म्हणून पेढे वाटलेली.

प्रशिक्षण झाले. वर मोठ्या गावी काही जणांना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्यात येऊन शिकवायचे, तिथल्यांनी तालुक्यात, तिथून केंद्रावर. आई म्हणते, पाटाचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत येते तेव्हा त्याचे काय होते ते शेतकऱ्याला विचारावे. तिच्यापर्यंत जे पोचले त्यात ‘स्टँड अप, सिट डाऊन’ होते, हातवारे करून म्हणायची चार गाणी होती, आणि ‘वर्गात शक्यतो इंग्रजीतूनच बोला’ अशी एक सूचना होती.

“मग तू काय केलंस?”

“बोलले की. ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले. पोरं नुसती बघत राहिली. मग ‘सिट डाऊन’ म्हणाले, तर उभीच. घाम फुटला मला. पुढं काही सुचेना. तेवढ्यात बाहेर मोटर बंद पडली आणि एक पोरगा म्हणाला, ‘बाई, फेज गेला.’ मी म्हटलं, अरे, हे इंग्रजीच आहे की!”

त्या दिवशी मुलांनी आणि आईने मिळून बावन्न शब्द काढले. बावन्न इंग्रजी शब्द घेऊन ती मुले पहिलीत आली होती आणि कोणालाच ते ठाऊक नव्हते. त्या कागदावर तिने पुढे भर घातली. वर्षे कागदावर दिसतात : ‘एस.टी.डी.’ लिहिलेला आणि नंतर खोडलेला, ‘मिस्ड कॉल’, ‘ड्रिप’, ‘रिचार्ज’, ‘सॅनिटायझर’. प्रभूंचे आगगाडीचे वेळापत्रक मला आठवले. मी आईला प्रभूंबद्दल सांगितले. त्यांनी १९९० साली एका लेखात म्हटले आहे, की अमुक पद्धत सर्वांत चांगली असे काही नसतेच. शिकवणाऱ्याला आपण करतो आहोत त्यात तथ्य आहे असे आतून पटलेले असणे महत्त्वाचे, असा त्याचा आशय. आई म्हणाली, “हे त्यांनी २००० साली केंद्रावर येऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

आकाशवाणीवरून ‘वुई लर्न इंग्लिश’ नावाचे पाठ लागत. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने ते तयार केले होते. आईने स्वतःच्या पगारातून ट्रान्झिस्टर घेतला. रेडिओवरची माणसे प्रश्न विचारून थांबत आणि मुले उत्तर देत. आईलाही त्यांच्यात मिसळून हळूच उत्तर देता येई. ती सांगते, “पोरांबरोबर मीसुद्धा शिकत होते, पण त्यांना कळू देत नव्हते.”

हे सगळे मी प्रकल्पात लिहिले. बावीस पाने झाली. सरांनी चांगले गुण दिले. एक गोष्ट मात्र मी त्यात लिहिली नाही, कारण ती माझ्याविषयी होती. ती आता लिहिते.

२०१८ साली मी नववीत होते. कन्नडच्या शाळेत सेमी-इंग्रजीला. यूट्यूबवर ऐकून ऐकून माझे उच्चार बरे झाले होते, आणि ते बरे झाले आहेत हे मला जरुरीपेक्षा जास्त ठाऊक होते. पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेतले झेंडावंदन उरकून मी आईच्या शाळेत गेले. तिथला कार्यक्रम उशिरापर्यंत चाले. सरपंच, गावकरी, मुंबईहून आलेले एक पाहुणे, सगळे खुर्च्यांवर. दुसरीची सात मुले सात कार्डे घेऊन पुढे आली. सात वार. संडे झाला, मंडे झाला, ट्यूजडे झाला. चौथी एक लहानखुरी मुलगी, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. तिने कार्ड डोक्यावर धरले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून म्हटले, “वेडनेसडे!”

मी तिसऱ्या ओळीतून ओरडले, “आई, वेन्झडे गं!”

का ओरडले? मला आजही सांगता येत नाही. चूक दिसली आणि तोंडातून निघाले, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत होते. खरे तर त्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना कळावे, की मला येते, एवढेच होते. मुंबईचे पाहुणे मोठ्याने हसले. म्हणाले, “वेड कुठून आलं त्यात?” मग सगळेच हसले. ती मुलगी गोंधळली नाही. तिने एकदा आईकडे पाहिले आणि कार्ड आणखी उंच करून दुप्पट जोराने म्हटले, “वेडनेसडे!”

वस्तुतः त्या शब्दात ‘ड’ आहेच. जुन्या इंग्रजांचा वोडन नावाचा देव होता, त्याचा तो वार. उच्चारातला ‘ड’ गळून गेला आणि लिहिण्यात राहिला. आपली लिपी अशी, की लिहिले ते बोलायचे. मराठी डोळ्यांनी तो शब्द वाचणाऱ्या माणसाने ‘ड’ गिळावा तरी का? पण हे मला पुढे कॉलेजात कळले. त्या दिवशी नव्हे.

आई घरी येताना काही बोलली नाही. रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, “आणखी काय काय चुकतं गं माझं?” मी लगेच यादी दिली. ‘व्हेजिटेबल’मध्ये टेबल नाही. ‘कपबर्ड’ नव्हे, ‘कबर्ड’. ‘लिसन’मधला ‘ट’ म्हणायचा नाही. ती हं हं म्हणत होती. मग म्हणाली, “तूच पुस्तक वाचून दे मोबाईलवर. मी पोरांना ऐकवीन.”

मला कोण आनंद झाला! दोन रविवार खर्चून मी पहिली-दुसरीची पुस्तके ध्वनिमुद्रित केली. कविता, गोष्टी, वार, महिने, ‘गुड मॉर्निंग चिल्ड्रन’सुद्धा. आईने आठशे रुपयांचा ब्लूटूथचा स्पीकर आणला.

सप्टेंबरात आमच्या शाळेला एक दिवस स्थानिक सुट्टी मिळाली, तेव्हा मी माझा पराक्रम पाहायला तिच्या वर्गात गेले. टेबलावर स्पीकर होता. तो माझ्या आवाजात म्हणाला, “गुड मॉर्निंग, चिल्ड्रन.” मुले उभी राहून स्पीकरकडे तोंड करून म्हणाली, “गुड मॉर्निंग, मॅडम.” मग स्पीकरने एक ओळ म्हटली, मुलांनी म्हटली. पुढची ओळ, पुढची ओळ. उच्चार पाहावेत तर माझ्याहून गोड. आई खिडकीपाशी उभी होती. तिच्या हातात एकही पत्रिका नव्हती. मोज्याची बाहुली कपाटावर पालथी पडली होती. अर्धा तास झाला, तास संपला. त्या अर्ध्या तासात आई इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही. आणि मुलांनीही स्वतःचा असा एक शब्द उच्चारला नाही. त्यांनी फक्त माझे परत केले.

मी एका मुलाला विचारले, “इंग्रजी कोण शिकवतं रे तुम्हाला?”

तो म्हणाला, “डबा.”

आई हसली. तिचे ते हसणे मला अजून दिसते.

त्यावर काय करायचे हे मला कळत नव्हते. मी चौदा वर्षांची होते. माफी मागावी तर ती कशाबद्दल, हेही नीटसे उमगत नव्हते. ज्यांनी काही केले ते दुसरेच होते.

२०१६ साली राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून ‘तेजस’ नावाचा एक प्रकल्प सुरू केला होता. त्यात व्याख्याने देणारा मोठा माणूस बोलवायचा नाही. आसपासच्या शाळांतल्या प्राथमिक शिक्षकांनीच ठरावीक काळाने एकत्र बसायचे, एखाद्या वर्गाची चित्रफीत पाहायची, आपण काय करून पाहिले ते सांगायचे आणि पुढच्या खेपेपर्यंत एक गोष्ट करून पाहायची. टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप असे त्याचे नाव. औरंगाबाद जिल्ह्यातही (आता छत्रपती संभाजीनगर) असे गट होते. आई आधी दोनदा जाऊन गप्प बसून आली होती. त्या महिन्यात मीही तिच्याबरोबर गेले. घरात कोणी नव्हते म्हणून.

एका शाळेच्या वर्गात पंधरा-सोळा शिक्षक गोल करून बसले होते. चहा झाला. ‘या महिन्यात काय केलं’ असे विचारत पाळी आईपर्यंत आली. मला वाटले, ती नेहमीसारखे ‘गाणी घेतली’ असे काहीतरी सांगून मोकळी होईल. ती म्हणाली, “माझ्या वर्गात आता डबा शिकवतो. मी बोलत नाही. मला भीती वाटते.”

सगळे स्तब्ध झाले. मी खाली पाहू लागले. मग एक वयस्क गुरुजी घसा खाकरून म्हणाले, “बाई, तुमचा डबा तरी बोलतो. मी सतरा वर्षं प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देतोय. फळा बोलत नाही, त्यामुळे फळ्याचा उच्चार चुकत नाही.” कोणीतरी हसले, मग सगळे हसले, पण ते पंधरा ऑगस्टचे हसणे नव्हते. एकामागून एक माणसे आपापले सांगू लागली. एका बाईंना ‘आर’ की ‘इज’ हे ऐनवेळी सुचत नसे, म्हणून त्या इंग्रजीत प्रश्नच विचारत नसत. एका सरांनी प्रशिक्षणाला जायची धास्ती घेतली होती, कारण तिथे उभे करून इंग्रजीतून ओळख करून द्यायला लावतात. इतकी वर्षे एकाच केंद्रात काम करणारी ही माणसे. एकमेकांच्या मुलांच्या बारशापासून सगळे ठाऊक. आणि हे एवढे मात्र कोणी कोणाला सांगितले नव्हते.

उपायही साधेच निघाले. एका तरुण शिक्षिकेने सुचवले, की डब्याने दोन मिनिटे बोलावे आणि मग त्याला बंद करून बाईंनी मुलांना विचारावे : काय म्हणाला? कोणाविषयी म्हणाला? तुमच्या घरी आहे का तसे? हे प्रश्न डबा विचारू शकत नाही, कारण आज रमेश का आला नाही ते त्याला ठाऊक नसते. उच्चाराची शंका आली तर शिक्षकांच्या व्हॉट्सॲपच्या गटावर विचारायचे, लाजायचे नाही. गुरुजींनी पुढच्या खेपेपर्यंत वर्गात पाच वाक्ये बोलायचे कबूल केले. आईने दहा.

परतताना स्कुटीवर मागे बसून मी म्हटले, “आई, मी चुकले.” वाऱ्यात तिला ऐकू गेले की नाही कोण जाणे. ती म्हणाली, “दहा वाक्यं जरा जास्तच झाली गं.”

बाहुली पुन्हा कपाटावरून खाली आली. स्पीकर आठवड्यातून दोनदा बोलू लागला. दहा वाक्यांची तीस केव्हा झाली हे तिलाही कळले नाही.

आता प्रकल्पातली एक गोष्ट पुन्हा सांगायला हवी. मायकेल वेस्ट यांचे १९२६ साली द्विभाषिकतेवर पुस्तक आले, त्यात त्यांनी विम्यातला एक शब्द वापरला आहे : सरेंडर व्हॅल्यू. बंगालमधली बरीच मुले शिक्षण अर्धवट टाकून जात. तेव्हा त्यांचा सवाल असा, की मूल कुठल्याही टप्प्यावर शाळा सोडून गेले तरी तोवर शिकलेल्याचा त्याला काही उपयोग आहे की नाही? मी हे आईला समजावून सांगणार, एवढ्यात तीच म्हणाली, “म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय पडतं ते ना? मला माहीत आहे. माझा अर्धा वर्ग दिवाळीत मोडतो.”

म्हणून ऊसतोडीला निघणाऱ्या प्रत्येक मुलाला ती प्लास्टिकच्या पिशवीत वीस पत्रिका घालून देते. साखरशाळा मिळाली तर ठीक, न मिळाली तर कोपीपुढे बसून पाहायला. २०१८ च्या दिवाळीत दोन वेण्यांची ती मुलगीही गेली. तिच्या पिशवीत सात वार होते.

ती आली एप्रिलमध्ये. मी त्या दिवशी शाळेत होते. माझी परीक्षा संपली होती. उन्हाने रापलेली, वेण्या कापलेल्या. पिशवी तिने जपून आणली होती, पण वीसांतल्या अकराच पत्रिका उरल्या होत्या. बाकीच्या कुठे गेल्या, असे आईने विचारले, तर म्हणाली, “पोरांला वाटल्या. तिकडं मी शाळा घेत होते.” फडावरच्या कोप्यांमधली दहा-बारा मुले गोळा करून ती त्यांना वार शिकवत असे. आईने तिला म्हणून दाखवायला सांगितले. तिने हात मागे बांधले आणि सुरुवात केली. संडे, मंडे, ट्यूजडे, वेडनेसडे...

आई तिच्यापुढे उकिडवी बसली. सगळा वर्ग ऐकत होता. म्हणाली, “अगं, तो वेन्झडे आहे. मी तुला चुकीचं शिकवलं होतं. माझं चुकलं.”

मुलीने थोडा विचार केला. “डबा तसं म्हणत होता,” ती म्हणाली. “पण तुम्ही म्हणत नव्हत्या.”

“आता मी म्हणते. म्हण, वेन्झडे.”

“वेन्झडे,” ती म्हणाली. आणि मग तिच्या कपाळावर आठी पडली. “बाई, मग तिकडच्या पोरांला कोण सांगंल?”

आई माझ्याकडे पाहू लागली. पत्रिकेवर अक्षरे तर बरोबरच होती. नवी पत्रिका करून भागण्यासारखे नव्हते. ती म्हणाली, “तूच सांग. पुढच्या वर्षी जाशील तेव्हा.”

“पुढच्या वर्षी कारखाना दुसरा असंल,” मुलगी म्हणाली.